रिकाम्या किटलीतलं पाकीट

आमच्या दूध संस्थंत कुणाची म्हस माजावर आली, तर अख्ख्या उचगावला कळतंय. त्यात कुणाला लाज न्हाय. केरबाअण्णा रांगंत उभा ऱ्हाऊन बोंबलतोय, "अगं पारूबाई, डॉक्टरला फोन लाव की! म्हस सकाळधरनं वरडाय लागलीया!" की लगीच रांगंतली धा माणसं त्याला सल्ला द्याय लागत्यात. आत्ता भरव, उद्या भरव, मागच्या येताला रेडकू झाल्यावर लै घाई केलीस, आता जरा दम खाऊ दे तिला. गडी बोलत्यात, बाया बोलत्यात, म्हाताऱ्या तर सगळ्यात म्होरं. आन् त्याच रांगंतल्या एकाद्या पोरीनं म्हणू दे बरं, "मला एवढ्यात दुसरं पोर नगो." भितीवरची पाल खाली पडंल!

मी पारूबाई. संस्थंत सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट काढते. तोंडानं फटकळ हाय, ते माझ्याआदी गावच तुमाला सांगंल. आमचं काम असं : माणूस आला, दूध ओतलं, मी वजन-फॅट बघून चिठ्ठी दिली, आन् रिकामी किटली हिसळून बाजूच्या कट्ट्यावर ठिवली. जाताना ज्याची त्यानं उचलायची. किटल्या सगळ्या एकाच छापाच्या, म्हणून परत्येकानं कडीला काय ना काय बांधल्यालं. कुणाची निळी दोरी, कुणाचा साडीचा काठ. चिमणाक्काच्या किटलीला लाल चिंधी. गर्दीच्या टायमाला मी माणसाचं तोंड बघतच न्हाय. किटली बघते आन् मशीनवर नाव मारते. एकदा वाटंत सख्खी नणंद भेटली तर वळखली न्हाय मी, आन् तिची किटली शंभरात वळखली असती.

तर ही चिमणाक्का. साठीची बाई, पर आवाज असा की तिनं गोठ्यात म्हशीला हाक मारली तर हायवेवरचा ट्रक थांबावा. तिचा ल्योक सयाजी फौंड्रीत कामाला, आन् सून अक्षता, हातकणंगल्याची. अक्षताला एक लेक, अजून रांगतीया. आन् ह्या अक्षताला पोलीस व्हायचंय. तांबडं फुटायच्या आदी पोरगी उठून मैदानावर पळाय जाती, आल्यावर शेणघाण, सैपाक, लेकीचं बघायचं, आन् संध्याकाळी दूध घिऊन आमच्याकडं.

एक दिवस रांग संपली तरी ही जाईना. पेंडीच्या पोत्यापाशी उभी, डोळं पाण्यानं भरल्यालं. मी म्हणलं, "काय गं, फॅट कमी लागलं म्हणून रडतीस व्हय?"

"न्हाय काकू. पाळी लांबली हुती माझी. आज आली."

"मग आली की! रडतीस कशाला?"

"आली म्हणूनच रडाय लागलोय," ती म्हणाली आन् हसली बी. आमच्याकडच्या पोरी आपल्याला बी 'लागलोय'च म्हणत्यात. "काकू, भरती निघालीया. वयाची अट बघितली तर माझी ही शेवटचीच. मधीच दिवस गेलं तर मैदानात कशी पळू? गोळाफेक कशी करू? सगळं संपलं की."

"मग गोळ्या घे की बाई. सरकार फुकट देतंय."

"कुणाकडनं घिऊ?" तिनं बोटं मोडून सांगाय सुरू केलं. गावातलं मेडिकल गुंडूचं, आन् गुंडू तिच्या सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून भजनाला बसतोय. उपकेंद्र बरोब्बर तालमीच्या समोर, तिथं बाकड्यावर बसली की तालमीतल्या पोरास्नी कळलं, म्हंजे सासूला कळलं, म्हंजे गावाला कळलं. ऱ्हायली क्रांती. क्रांती आमच्या गावची आशा, आरोग्य खात्याची. बुद्धविहाराच्या मागं ऱ्हाती. चांगली पोरगी, बोलायला गोड. पर ती घरी गेली की चिमणाक्का चुलीवर च्या टाकून तिला बसवून घेती आन् सोता दोघींच्या मधी बसती.

"आन् सयाजी? त्याला सांग की आणायला."

"त्येनी म्हणत्यात, मी न्हाय मागणार. गुंडूकाका बाबास्नी सांगतील."

मला असा राग आला! फौंड्रीत लोखंडाचा तापलेला रस ओततोय गडी, आन् दुकानात एक पाकीट मागायला ह्याची फाटती. फुकटाचा माल गावात चारी बाजूनं भरून ठिवलाय, आन् बाईला हात घालायला एक जागा न्हाय. म्हंजे ताट वाढलंय, पर दाराला कुलूप!

दुसऱ्या दिवशी क्रांती दूध घिऊन आली. तिची बी एक म्हस हाय, त्यामुळं रांगंत ती बी रोजची. तिला बाजूला घिऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पारूकाकू, गोळी अशी उगंच द्यायची न्हाय. आदी तपासाय पायजे. लेकीच्या डोसाच्या दिवशी तिला उपकेंद्रात पाठवा, मी नर्सबाईंशी बोलते. पोर घिऊन आलीया म्हणल्यावर कोण संशय घेतंय? आठवड्याची गोळी हाय, अंगावर पाजणाऱ्या बाईला बी चालती. म्होरचा माल मात्र तिला दर खेपंला कसा पोचवायचा?"

माझी नजर कट्ट्यावर गेली. किटल्या वळीनं मांडल्याल्या. मी म्हणलं, "ही बघ पोस्टमन."

झालं! नर्सबाईंनी अक्षताला तपासलं, गोळ्या चालतील म्हणून सांगितलं, पयल्यांदा तीन महिनं आठवड्यातनं दोनदा आन् मग एकदाच, हे बी समजावलं. त्याच्या म्होरं क्रांती माझ्याकडं माल आणून द्यायची, गोळ्या सुट्या करून कागदी पाकिटात, किटलीत पट्टी वाजू नये म्हणून, आन् मी लाल चिंधीची किटली हिसळली की अक्षता ती आदी पदरानं कोरडी करायची, मग कट्ट्यावर ठेवताना मी पाकीट हळूच झाकणाखाली सारायची. अक्षता किटली उचलून घरी. आता बाईच्या पोटात बातमी कुठं ऱ्हातीया? अक्षतानं शेजारच्या सोनमला सांगितलं, सोनमनं जावंला. थोड्या दिवसांत निळी दोरी बी आली, साडीचा काठ बी आला. कुणाला गोळी, कुणाला निरोध. एका किटलीतनं तर उलटा निरोप आला, "काकू, आमच्या ह्येंनी सोता मागितलंय." मी त्या दिवशी हसून हसून पार मशीनवर पडले.

संस्थंचा सेक्रेटरी बाबासो, माझा चुलत दीर. त्याला काय पत्ता न्हाय. तो आपला कॉम्प्युटरपाशी बसून म्हणायचा, "पारूवैनी, हल्ली बायका किटल्या लै पुसून ठिवत्यात. स्वच्छतेची जाणीव वाढली बरं का गावात." मी म्हणलं, "वाढली बाबा, लै वाढली."

सगळं गुण्यागोविंदानं चाललं हुतं, आन् मग मीच माती खाल्ली.

त्या दिवशी अक्षता सरावाला कोल्हापूरला गेल्ती, यायला उशीर. संध्याकाळची रांग पार रस्त्यापातूर गेल्ती, लाईट ये-जा करत हुती, मशीन मधीच बंद पडत हुतं. माझं डोस्कं तापल्यालं. लाल चिंधी म्होरं आली, दूध ओतलं, मी नाव मारलं, चिठ्ठी दिली, किटली हिसळली, आन् हातानं आपलं रोजचं काम केलं. पाकीट आत, झाकण वर. मग वर बघते तर म्होरं चिमणाक्का!

"बघतीस काय अशी? किटली दे हिकडं," म्हणाली आन् घिऊन गेली की बाई.

माझं धाबं दणाणलं. हाक मारावी तर काय म्हणून मारू? "अक्का, थांबा, तुमच्या सुनंच्या गोळ्या आत ऱ्हायल्यात"? रांगंतनं क्रांतीनं माझं तोंड बघितलं, आन् तिला बी समजलं. ती फकस्त कपाळाला हात लावून उभी ऱ्हायली. त्या रात्री मला भाकर गोड लागली न्हाय. माझं काय, मला कोण खातंय? पर ती पोर! घरात काय झालं असंल? अक्का तिला माहेरी पाठवंल? भरती बंद करंल? एवढं पळून पळून पोरीच्या पायाची सालं निघाल्ती, आन् माझ्या आंधळ्या हातानं सगळ्यावर पाणी.

सकाळी रांग लागली. आन् लांबनंच लाल चिंधी दिसली. म्होरं चिमणाक्का, किटली हातात, पदर खोचल्याला. माघारी अक्षता, कडंवर लेक, मान खाली. पोरीनं माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

अक्का रांगंत थांबलीच न्हाय. सरळ म्होरं आली आन् किटली माझ्या टेबलावर अशी आपटली की फॅटच्या बाटल्या नाचल्या.

"ह्यात कुणी घातलं?"

बाबासो घाबरून उठला. "काय झालं अक्का? दुधात काय निघालं काय? पावडर? युरिया? आपल्या संस्थंत असलं चालत न्हाय बघा!"

"दुधात न्हाय निघालं. रिकाम्या किटलीत निघालं." आन् तिनं कमरंचं पाकीट काढून टेबलावर ठिवलं. भिजून पार लगदा झाल्यालं. सगळ्यास्नी दिसलं. सोनम आपल्या निळ्या दोरीवर हात ठिवून उभी, जशी काय ती दोरीच बोलणार हाय.

क्रांती म्होरं यायला लागली. मी तिला हातानंच थांबवलं आन् उठले. म्हणलं, काय हुईल ते हुईल. "मी घातलं अक्का. पोरीला काय बोलू नगा. बोलायचं ते मला बोला."

"तुलाच बोलणार हाय! अगं पारू, एवढी शाणीसुरती बाई तू. औषधाची चीज पाण्यात घालतंय व्हय कोण? ही बघ, एक गोळी धड न्हाय. आता ह्या पोरीनं काय खायचं? ह्या आठवड्याची चुकली, आन् उद्या दिवस गेलं, तर मैदानात तू पळणार हाईस का?"

मला काय कळंचना. मी अक्षताकडं बघितलं. तिनं मान वर केली, आन् बघते तर काय, पोरगी हसतीया! डोळं सुजल्यालं, पर हसतीया.

केरबाअण्णा रांगंतनं म्हणाला, "आवं अक्का, असल्या गोष्टी चारचौघांत..."

"तू गप रं!" अक्का गर्रकन वळली. "तुझी म्हस भाकड हाय का गाभण, हे चारचौघांत चालतंय. येताआदी तिला भाकड ठेवायची, दूध काढायचं न्हाय, अंगाला आराम द्यायचा, हे तू मला शिकवतोस. म्हशीला दम खाऊ देतासा सगळी, आन् बाईला?" तिचा आवाज जरा खाली आला. तिचा आवाज खाली आल्याला मी पयल्यांदाच ऐकला. "माझी पाच झाली. एकामागं एक. दोन नदीच्या काठाला पुरली. सयाजीच्या येळंला मी गेल्तीच, सासू दाराशी बसून रडत हुती. तवा मला एकानं इचारलं न्हाय, बाई पुरं का म्हणून. कुणी माझ्या किटलीत काय घातलं न्हाय. घातलं असतं तर भिजल्यालं बी खाल्लं असतं मी."

केरबाअण्णानं टोपी काढून परत घातली. माझ्या डोळ्याला धार लागली, मी लाजले न्हाय, चांगली पदरानं नाक शिंकरून रडले.

मागनं अक्षतानं मला सांगितलं. रात्री अक्कानं चुलीपाशी ते पाकीट तिच्या म्होरं ठिवलं आन् इचारलं, ही कसली गोळी. हिनं रडत सगळं सांगितलं. भरती, वय, भ्या, किटली, सगळं. अक्कानं चुलीतलं लाकूड मागं वढलं. मग म्हणाली, "मला का सांगितलं न्हाईस?" ही म्हणाली, "तुमास्नी नातू पायजे म्हणून." त्यावर अक्का म्हणाली, "पायजे की. पर तू मेलीस तर मी नातू घिऊन काय करू? आन् तू नुसती चुलीपाशी बसलीस तरी मेल्यागतच हाईस." एवढं बोलून म्हशीला वैरण टाकाय गेली म्हणं.

पर त्या सकाळी अक्काचं अजून संपलं नव्हतं. तिनं भितीकडं बोट केलं. तिथं फळीवर जनावरांच्या औषधाच्या बाटल्या, मिनरल मिक्श्चर, कासंला लावायचं मलम मांडल्यालं असतंय. "ह्या फळीवर जागा करा. क्रांती, तुझा माल तिथं ठेव. उघडा. ज्याला पायजे त्यानं न्यावा. ताकाला जायाचं आन् भांडं कशाला लपवायचं?"

बाबासोला घाम फुटला. "अक्का, आवं, संस्थंची इलेक्शन आलीया. लोक काय म्हणतील? झाकली मूठ..."

"झाकली मूठ ओली झाली बघ," अक्का म्हणाली. "आन् इलेक्शनचं म्हणशील तर मी उभी ऱ्हाते. ह्या रांगंतल्या बायका कुणाला मत घालतील, बघूया का?"

रांगंतल्या बायांनी पयल्यांदा तोंड उघडलं, आन् उघडलं ते हसायला. बाबासो सोता उठला आन् फळीवरच्या बाटल्या सरकवाय लागला. क्रांतीनं पिशवीतनं नवं पाकीट काढलं. आदी अक्षताला बाजूला घिऊन कुठली गोळी कवा खायची ते परत समजावलं, आन् म्हणाली, "ज्यास्नी गोळी सुरू करायचीय त्यांनी आदी माझ्याशी बोला, नर्सबाईंकडनं तपासून घ्या. निरोधाला मात्र कुणाला इचारायचं न्हाय, उचलायचं आन् चालू लागायचं. गडी माणसांनी बी." गडी माणसं सगळी एकदम आपापल्या किटलीत काय हाय ते बघाय लागली.

तर झालं असं. फळीवर डबा बसला. पयलं चार दिवस कुणी हात लावला न्हाय. मग एकदा लाईट गेली आन् आली, तेवढ्यात डबा अर्धा! त्याच्या म्होरं लाईट असताना बी जाय लागला. परवा तर डब्यातलं शेवटचं पाकीट गायब. मी म्हणलं, "कोण घिऊन गेलं रं?" बाबासो कॉम्प्युटरच्या मागनं पुटपुटला, "वैनी, आवाज जरा कमी करा की." मी काय आवाज कमी करणारी बाई हाय व्हय?

सयाजीला मात्र मी सोडला न्हाय. रविवारी दूध घिऊन आला तवा म्हणलं, "काय रं पैलवान, उचलतोस का उचलून दिऊ?" लाल-लाल झाला. पर उचललं त्यानं, खिशात घातलं, आन् ताठ मानंनं गेला.

भरतीचं मैदान झालं. अक्षता पळाली, गोळा टाकला, पास झाली. लेखी अजून हाय, त्यामुळं पेढं एवढ्यात न्हाईत, मी आदीच सांगून ठिवलंय. चिमणाक्का नातीला कडंवर घिऊन गेल्ती, कुंपणाच्या भायेर उभी ऱ्हायली हुती. सोनम संगट हुती, ती सांगत हुती, अक्काचा आवाज ऐकून शेवटच्या फेरीला दुसऱ्या गावच्या पोरी बी जोरात पळाय लागल्या. आतल्या सायबानं इचारलं म्हणं, "ह्या आजी कुणाच्या?" तर धा पोरी म्हणाल्या, "आमच्या."

त्या संध्याकाळी अक्का सोता दूध घिऊन आली. ओतलं, चिठ्ठी घेतली, फळीपाशी गेली, क्रांतीनं सुनंसाठी ठिवल्यालं पाकीट उचललं आन् सगळ्यांदेखत कमरंला खोचलं. किटलीत न्हाय घातलं. किटली उचलून निघाली, आन् दाराशी थांबली.

"पारू."

"काय अक्का?"

"मी बी पयली आलती गं. शाळंत. पळण्यात."

मी चाट पडले. एवढ्या वर्सांत ही बाई कधी बोलली न्हवती. "कवा?"

"लग्नाच्या आदल्या साली," ती म्हणाली, आन् लाल चिंधीची किटली हलवत भराभरा घराकडं गेली.